कचऱ्याच्या गाड्या म्हाताऱ्या झाल्यात, नव्या परवडत नाहीत, मग करायचं काय?

हिशोबी मांजर

बरेच दिवस डोक्यात होतं, आज धागा काढतेच. कुठलंही शहर घ्या, कचरा उचलायच्या गाड्यांचं रडगाणं तेच. निम्मा ताफा जुना, रोज चारदोन गाड्या वर्कशॉपात पडलेल्या, कचरा वेळेवर उचलला जात नाही म्हणून लोकांची बोंब, आणि नव्या गाड्यांचा विषय काढला की "भाव बघा कुठे गेलेत, अजून दोन वर्षं ढकलू". मी वाहनताफ्याचे हिशोब बघायच्या लाईनमधली, त्यामुळे हे "ढकलू" ऐकलं की माझं डोकं सटकतं. का ते सांगायला एक छोटं गणित मांडते, कंटाळा आला तर खुशाल उडी मारून पुढे जा.

समजा नवी गाडी १०० ला पडते, चलन कुठलंही धरा. पहिल्या वर्षी दुरुस्ती-देखभालीला ४ लागले आणि पुढे दरवर्षी हा खर्च ३ ने वाढत गेला. भंगाराची किंमत आणि व्याज तूर्तास सोडून देऊ. गाडी ६ वर्षं वापरली तर खरेदी आणि दुरुस्ती मिळून वर्षाला सरासरी २८.२ पडतात. ८ वर्षं वापरली तर २७. १० वर्षं, २७.५. १२ ला २८.८ आणि १५ वर्षं रेटली तर ३१.७. म्हणजे आठाच्या आसपास सगळ्यात स्वस्त, अलीकडेपलीकडे वर्षभर झालं तरी फार बिघडत नाही, पण पंधराला खिसा चांगलाच कापला जातो.

आता भाव वाढले, १०० ची गाडी १४० झाली. सगळ्यात स्वस्त वर्ष कुठे सरकलं? साडेनऊच्या थोडं पुढे. बस्स! ४० टक्के महागाईने गाडीचं किफायतशीर आयुष्य जेमतेम दीड वर्षाने वाढलं. आणि खरी मेख पुढे आहे, गाडी महागली तेव्हा सुटे भाग, ऑइल, मजुरी काय जागच्या जागी राहिली? तेही ४० टक्क्यांनी चढलं असेल तर उत्तर परत आठावर येतं. आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण कुठल्याही ताफ्याचे खरे आकडे घालून बघा, सरासरी खर्चाच्या वक्ररेषेचा आकार असाच येतो, खाली उतरते, थोडी सपाट चालते आणि मग चढायला लागते.

तरी सगळे ढकलतात, कारण खरेदी दिसते आणि दुरुस्ती दिसत नाही. खरेदी भांडवली खर्चात, तिला मंजुऱ्या, टेंडर, पेपरात बातमी, विरोधकांचे प्रश्न. दुरुस्ती महसुली खर्चात, बारीक बारीक बिलं, कुणी एकजण सही करतो आणि विषय संपतो. माझं म्हणणं इतकंच की नवी गाडी घ्यायची टाळलेली शहरंही नवी गाडी विकत घेतच असतात, फक्त नटबोल्टाच्या रूपात घेतात आणि शेवटी हातात जुनीच राहते.

मंडळी, तुमचं काय मत?

वंगणवाला

मांजरताई, गणित पटलं पण "८ वर्षं" हे वर्षात मोजू नका हो. आमच्या वर्कशॉपच्या भाषेत वर्ष आणि किलोमीटर दोन्ही फसवे. कचऱ्याची गाडी दिवसाला किलोमीटर थोडेच कापते पण इंजिन अख्खी पाळी चालू, कारण गाडी उभी असताना पीटीओ, म्हणजे इंजिनाचा जोर दुसऱ्या यंत्राला देणारा जोड, लावून मागचा हायड्रॉलिक पंप इंजिनच फिरवत असतं. म्हणून घ्यायचं ते इंजिनाच्या तासांचं मीटर. एक तास उभ्याने चालणं म्हणजे ४० ते ५० किलोमीटर पळाल्याची झीज असा ढोबळ हिशोब धरतात. मीटरवर लाखभर किलोमीटर दिसले की साहेब लोक म्हणतात अजून नवीच आहे की, आणि आत इंजिन कधीच म्हातारं झालेलं असतं.

दुसरं म्हणजे गाडी एक नसते, दोन असतात. खाली चासी, वर बॉडी. दोघी वेगवेगळ्या कारणाने मरतात. चासीचं बघाल तर क्लच प्लेट, ब्रेक लायनर, पाटे. दर पाचपन्नास फुटावर थांब आणि परत निघ, असं दिवसभर केल्यावर लायनर टिकणार कसे? बॉडीचा शत्रू म्हणजे कचऱ्याचं पाणी. आंबट, खारट, सतत ओलं. मागच्या हॉपरचा, म्हणजे कचरा टाकायच्या भागाचा, तळ बघा कधी, काच, खडी, लोखंड त्याच्यावर रोज घासून घासून पत्रा कागदासारखा होतो आणि मग पाणी रस्त्याला लागतं. त्या तळाला झीज न होणारी प्लेट, हार्डॉक्स ४५० वगैरे, टाकलेली असेल तर बॉडी कितीतरी जास्त टिकते. साधा पत्रा टाकला की दरवर्षी ठिगळ, आणि ठिगळावर ठिगळ मारलं की वजन वाढतं ते वेगळंच.

रातकिडा

वाचतोय. हा धागा कचऱ्यात जाऊ नये ही विनंती 😀

निळी छत्री

मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, सामान्य नागरिक म्हणून विचारते. एवढी जुनी डिझेलची खटारी दुरुस्त करत बसण्यापेक्षा सगळीच्या सगळी एका झटक्यात काढून इलेक्ट्रिक का नाही घेत? आवाज नाही, धूर नाही, आणि पहाटे साडेपाचला खिडकीखाली तो दाबायचा कर्कश आवाज ऐकून जो रोज उठतो त्यालाच याचं मोल कळेल. डिझेलचा खर्चही वाचेल.

उंटावरचा शहाणा

ताईंच्या गणितात व्याज नाही म्हणून ते एवढं गोड दिसतंय. पैसे आज घालायचे का पाच वर्षांनी यात फरक असतो की नाही? व्याजदर चढे असले की खरेदी पुढे ढकलणं हा शहाणपणाच असतो. आणि मुळात तिजोरीत खडखडाट असेल तर वक्ररेषा दाखवून काय उपयोग, पैसे नाहीत म्हणजे नाहीत. भाड्याने घ्या, कंत्राटदाराच्या गाड्या लावा, प्रतिटन पैसे द्या, मोकळे व्हा.

हिशोबी मांजर

@उंटावरचा शहाणा, व्याज धरलं की सगळ्यात स्वस्त वर्ष थोडं पुढे सरकतं, मान्य. पण मी दुसऱ्या बाजूचीही एक गोष्ट सोडली होती, ती घातली की सरकलेलं मागे येतं. ती म्हणजे बंद पडलेल्या दिवसांची किंमत.

समजा रस्त्यावर रोज ५० गाड्या लागतात. ताफा बऱ्या वयाचा असेल आणि १०० पैकी ९० गाड्या रोज सकाळी निघत असतील तर ५० निघायला ५६ गाड्या हव्यात. ताफा म्हातारा झाला, १०० तल्या ७० च निघायला लागल्या, तर त्याच ५० साठी ७२ गाड्या बाळगाव्या लागतात. १६ गाड्या जास्तीच्या! त्यांचा विमा, त्यांचं पार्किंग, त्यांचे टायर, आणि काम तेवढंच. एवढ्या गाड्या नसतात म्हणून मग दुसरी पाळी, ओव्हरटाइम, ऐनवेळी भाड्याची गाडी. हा सगळा खर्च "जुन्या गाडीचा खर्च" म्हणून कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, तो पगाराच्या आणि इंधनाच्या खात्यात विरघळतो.

कंत्राटदाराचं म्हणाल तर तोही गाडी विकतच घेतो ना, आणि तो कर्जाचं व्याज लावून नफा चढवून तुमच्याकडूनच वसूल करतो. कंत्राटात गाडीचं कमाल वय आणि रोज किती गाड्या निघाल्याच पाहिजेत हे लिहिलेलं नसलं तर तो दुसरीकडची निवृत्त गाडी रंग मारून आणतो. भाडेतत्त्वाला माझा विरोध नाही, ज्यांना एकरकमी जमत नाही त्यांना तो बरा मार्ग आहे, पण त्याने खर्च नाहीसा होत नाही, हप्त्यात वाटला जातो एवढंच.

चौथा गिअर

गाडी चालवणाऱ्यांचं पण कुणीतरी ऐका राव. नव्या गाड्या येतात त्या बहुतेक वेळा कागदावर मोठ्या असतात म्हणून येतात. जास्त घनमीटर म्हणजे भारी गाडी. आणि मग ती गल्लीत शिरत नाही, वळत नाही, रिव्हर्स घ्यावा लागतो, रिव्हर्स घेतानाच तर माणसं चिरडतात. लंडनने २०२१ पासून १२ टनावरच्या गाड्यांना ड्रायव्हरला केबिनमधून थेट किती दिसतं याचे तारे लावलेत, कमी तारे असतील तर शहरात यायला जादा सुरक्षा उपकरणं बसवावी लागतात, २०२४ मध्ये तो नियम आणखी कडक केला. आम्हाला आरशातनं काय दिसतं ते आमचं आम्हाला माहीत. नवी गाडी घेताना एकदा तरी चालवणाऱ्याला आणि मागे उभा राहणाऱ्याला डेपोत बोलवून विचारा, पायरी किती उंच आहे, डबा उचलायला किती वाकावं लागतं. तो पायरीवरनं दिवसभर चढउतार करतोय, त्याचे गुडघे गेले की तोही खर्चच आहे.

आणि कॉम्पॅक्टरचं वेड. कॉम्पॅक्टर म्हणजे कचरा दाबून बसवणारी गाडी. पुठ्ठे, प्लास्टिक, रिकामे डबे असला फुगलेला कचरा असेल तिथे ती झक्कास. ओला कचरा आधीच घट्ट आणि जड, त्याला दाबून काय होणार, पाणी निघतं फक्त. गाडी अर्धी भरली की एक्सलवर जेवढं वजन चालतं तेवढं झालेलं असतं, वरची निम्मी जागा रिकामी घेऊन फिरा. त्या दाबायच्या यंत्राचं वजन मात्र रोज वाहून न्यायचं.

निळी छत्री

अय्या, हे माहीतच नव्हतं. म्हणजे कचरा वेगळा केला तर गाडीपण वेगळी घ्यायला लागणार?

चौथा गिअर

हो तर. ओल्याला साधी झाकणाची, तळातून न गळणारी टिपर, सुक्याला कॉम्पॅक्टर. ओल्याची गाडी स्वस्त, तिच्यात बिघडायला फार काही नाही. सगळ्याला एकच महागडी गाडी लावली की सगळ्याला एकाच गाडीचा खर्च.

वंगणवाला

चौथा गिअर भाऊंना पाठिंबा. आणि हे कुणी बोलत नाही म्हणून बोलतो, नवी डिझेल गाडी जुन्यापेक्षा कमी बिघडेलच असं नाही, वेगळ्या पद्धतीने बिघडते. युरोपात अवजड गाड्यांना युरो ६ हा धुराचा नियम २०१३ अखेरपासून लागू झाला, इतर देशांतही त्याच धर्तीचे नियम आले, तेव्हापासून धुराच्या नळीत काजळी पकडणारा फिल्टर, डीपीएफ, आणि युरियाचं पाणी मारायची यंत्रणा जवळपास प्रत्येक गाडीत आली. हवेसाठी उत्तमच, त्यावर वाद नाही. पण तो फिल्टर स्वतःला साफ करतो कधी, तर धूर भरपूर तापला की. हायवेच्या ट्रकला ते आपोआप होतं. आमची गाडी गोगलगायीच्या चालीने फिरणार, धूर तापत नाही, काजळी साचते, डॅशबोर्डला दिवा लागतो, ड्रायव्हर पाळी संपवायच्या घाईत दुर्लक्ष करतो, मग इंजिन स्वतःच जोर कमी करतं आणि गाडी भर रस्त्यात कासव. उभ्याने रीजनरेशन, म्हणजे फिल्टर तापवून साफ, करायला वेळ द्यायला लागतो, तो वेळापत्रकात कुणी धरतच नाही. धरला तर निम्म्या तक्रारी बंद होतील.

युरियाचंही एक लक्षात ठेवा. २०२१ च्या ऑक्टोबरात चीनने युरियाची निर्यात आवळली, दक्षिण कोरियाचा औद्योगिक युरिया जवळजवळ सगळा तिथूनच यायचा, तर पंधरवड्यात त्यांच्याकडे ट्रक थांबायची पाळी आली. त्याच वर्षी चिपचा तुटवडा, चासीच मिळेना. तेव्हा "गाडी लागली की घेऊ" म्हणणारे सगळे रांगेत उभे राहिले. ऑर्डर दिल्यावर आधी चासी येते, मग ती बॉडीवाल्याकडे जाते, मग पासिंग, म्हणजे बरं चाललेलं असतानाही महिने जातात.

तिरका कोन

निळी छत्री यांच्या इलेक्ट्रिकच्या मुद्द्यावर कुणी बोललंच नाही म्हणून मी लिहितो, वीज हा माझा विषय आहे.

कल्पना नवी अजिबात नाही. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम, शेफील्डसारख्या शहरांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बॅटरीवरच्या कचरागाड्या फिरत होत्या. कारण साधं आहे, ठरलेला रस्ता, कमी वेग, सतत थांबणं, रात्री डेपोत परत. बॅटरीला यापेक्षा सोयीचं काम शोधून सापडणार नाही, शिवाय ब्रेक मारताना वीज परत मिळते आणि लायनर पण वाचतात, वंगणवाल्यांना विचारा.

पण "एका झटक्यात सगळ्या" म्हणाल तर थांबा. न्यूयॉर्कचं उदाहरण बघा. तिथल्या कचरागाड्यांनाच हिवाळ्यात पुढे नांगर लावून बर्फ काढायला लावतात. त्यांनी इलेक्ट्रिक गाडी आणून बघितली, कचरा उचलायला ठीक चालली, बर्फ काढायला लावली तर चार तासात बॅटरी खलास, त्यांना लागतात सलग बारा तास. २०२२ मध्ये त्यांच्या अधिकाऱ्यांनी हे उघड सांगितलं. मला हे वाचून उलट बरं वाटलं, सगळा ताफा बदलायच्या आधी थोड्या गाड्यांवर कळलं. आपल्याकडचं सगळ्यात वाईट काम कुठलं ते शोधायचं, चढाचा रस्ता, सगळ्यात लांबची कचरा टाकायची जागा, उकाड्याचे दिवस, आणि गाडी त्याच्यावर चालवून बघायची. माहितीपत्रकातला पल्ला रिकाम्या गाडीचा आहे का भरलेल्या हेही आधी विचारायचं.

दुसरं, डेपो. ६० गाड्या, प्रत्येकीला रात्री २०० युनिट वीज भरायची, म्हणजे १२,००० युनिट. दहा तासांत भरायची म्हटलं तर सतत १,२०० किलोवॅटचा भार. हे साध्या मीटरवर होत नाही, ट्रान्सफॉर्मर लागतो, वीज कंपनीची मंजुरी लागते, कधीकधी केबल नव्याने ओढावी लागते. गाड्या येऊन उभ्या आणि चार्जरला वीज नाही असा प्रकार होऊ शकतो. म्हणून आधी डेपो, मग गाडी. आणि बॅटरीचं वजन तेवढा कचरा कमी करतं. युरोपने याच कारणासाठी प्रदूषण न करणाऱ्या अवजड गाड्यांना २ टनांपर्यंत जादा वजनाची मुभा दिलीय, जिथे तशी मुभा नाही तिथे फेऱ्या वाढतात, तेही हिशोबात घ्या.

उंटावरचा शहाणा

म्हणजे डिझेल घेतलं तर फिल्टर तुंबणार, इलेक्ट्रिक घेतलं तर केबल तोकडी, जुनी ठेवली तर ठिगळं. मग मी काय वेगळं म्हणत होतो, थांबा आणि बघा!

हिशोबी मांजर

😀 थांबण्याचंही बिल येतं हेच तर वरती मांडलं.

माझं उत्तर कंटाळवाणं आहे. गाडीचं आयुष्य १० वर्षं धरलं आणि ताफा ६० चा असेल तर दरवर्षी ६ गाड्या बदलायच्या, महागाई असो नसो, निवडणूक असो नसो. एवढंच. यात जादू काही नाही, पण होतं काय, की दरवर्षीचा आकडा ठरलेला राहतो, अंदाजपत्रकात त्याची सवय लागते, एकदम डोंगराएवढी मागणी कुणापुढे ठेवायला लागत नाही. भाव चढे असतील त्या वर्षी ६ च महाग मिळतील, सगळ्या ६० नाही. तंत्रज्ञान बदललं तर पुढच्या वर्षीच्या ६ मध्ये बदल करता येतो, म्हणजे तिरका कोन म्हणतात तसं थोड्या इलेक्ट्रिक घेऊन बघता येतात. उलट सगळ्या एकदम घेतल्या तर पहिली तीन वर्षं फीत कापल्याचे फोटो, आणि मग सगळ्या एकदमच म्हाताऱ्या. आज जी शहरं अडकलीत त्यातल्या कितीतरींची गोष्ट हीच असणार, कधीतरी एकगठ्ठा निधी आला, एकगठ्ठा गाड्या आल्या, आणि पुढचा निधी येईपर्यंत कुणी काही केलं नाही.

ज्यांचा अनुशेष आधीच साचलाय त्यांना ६ वर भागणार नाही हे खरं. त्यांना पहिली तीनचार वर्षं ९-१० घ्यायला लागतील, आणि तेवढ्यात बाकीच्या जुन्या रेटायच्या कशा हा खरा प्रश्न. इथे वंगणकाका सांगतील.

वंगणवाला

सांगतो. पहिलं म्हणजे सगळ्या जुन्या गाड्यांवर सारखा खर्च करायचा नाही. प्रत्येक गाडीचं वेगळं कार्ड ठेवा, तास, इंधन, सुटे भाग, मजुरी, किती दिवस बंद. वर्षभराचं मांडलं की चारदोन गाड्या अशा निघतात की निम्मा खर्च त्याच खातात. त्या आधी काढायच्या, वय कितीही असो. त्यातल्याच एकदोन भंगारात न देता सुट्या भागांसाठी उभ्या करायच्या, सिलिंडर, व्हॉल्व्ह, मागचा दरवाजा काढून दुसऱ्यांना लागतो. फक्त त्याला मुदत ठेवा, नाहीतर वर्कशॉपचं स्मशान होतं आणि उभ्या गाडीचे भाग रात्रीतून पाय फुटून जातात.

मधल्या वयाच्या गाड्यांत चासी चांगली आणि बॉडी सडलेली असेल तर नुसती बॉडी बदला, नव्या गाडीपेक्षा बरीच स्वस्त पडते. उलटं मात्र करू नका, सडक्या बॉडीला नवी चासी देण्यात अर्थ नाही.

आणि पाळी संपली की बॉडी आतून धुवा. रोज. पाणी मारून तळाची भोकं मोकळी करा. होजपाइप पाझरायला लागला की त्याच दिवशी बदला, तो फुटला की हायड्रॉलिक ऑइल रस्त्यावर, मागचा दुचाकीवाला आडवा, आणि गरम सायलेन्सरवर उडालं तर आग. आगीचं निघालंच आहे तर, हल्ली कचऱ्यात मोबाईलच्या, खेळण्यांच्या लिथियम बॅटऱ्या येतात, कॉम्पॅक्टरने दाबलं की त्या पेट घेतात, मग ड्रायव्हरला जळता कचरा भर रस्त्यात ओतायची पाळी येते. नवी गाडी असो की जुनी, अशी एक आग सगळं गणित उडवते. लोकांनी बॅटऱ्या वेगळ्या दिल्या पाहिजेत, आमचं कोण ऐकतंय म्हणा.

निळी छत्री

आमच्या घरी ड्रॉवरभर जुन्या बॅटऱ्या पडल्यात, उद्याच वेगळ्या काढते. बाकी एक शंका, टेंडरमध्ये सगळ्यात कमी दरवाल्याकडूनच घ्यावं लागतं ना? मग ती चांगली प्लेट वगैरे कोण घालेल?

हिशोबी मांजर

कमी दर कशाचा ते टेंडर लिहिणाऱ्याच्या हातात असतं. नुसत्या खरेदीचा दर मागवला तर साधा पत्रा येणार, दुसरं काय येईल. त्याऐवजी १० वर्षांचा दर मागवायचा: गाडी, ठरलेली देखभाल, तासामागे इंधन, मोठ्या सुट्या भागांचे आत्ताच बांधून घेतलेले भाव, आणि शेवटी गाडी परत घेणार असाल तर केवढ्याला. तळाच्या प्लेटची जाडी आणि कठीणपणा आकड्यात लिहायचा, "उत्तम प्रतीची" असलं काही नाही, उत्तम प्रत प्रत्येकाचीच असते. बंद दिवसांना दंड. आणि गाडीचा डेटा आपल्या मालकीचा, नाहीतर दिवा का लागला हे बघायलासुद्धा कंपनीचा माणूस बोलवावा लागतो.

मेकचे प्रकारही फार नकोत, दरवर्षी वेगळ्या कंपनीची गाडी आली की स्टोअरमध्ये पाच प्रकारचे फिल्टर ठेवा, मेकॅनिकला पाच वेळा शिकवा. दोन मेक ठीक, एकावर अडकायला होत नाही.

उंटावरचा शहाणा

१० वर्षांचा दर मागवला तर बोली लावणारे निम्मे पळतील. आणि उरलेले भीतीपोटी दर फुगवतील.

हिशोबी मांजर

निम्मे पळतील हे शक्य आहे. पण देखभालीची जबाबदारी घ्यायला जो तयार नाही त्याला स्वतःच्या गाडीबद्दल काय माहीत आहे, ते मला आत्ताच कळलेलं बरं. दर फुगतील हा मुद्दा मात्र रास्त आहे, त्यावर उपाय म्हणजे इंधन, पोलाद आणि मजुरीचा भाववाढीचा भाग निर्देशांकाला बांधून द्यायचा, ती जोखीम आपण घ्यायची. पत्रा सडायची जोखीम त्यांनी घ्यायची.

चौथा गिअर

आणि पायरी ४० सेंटीमीटरच्या वर नको, हे पण टेंडरात घाला. ठळक अक्षरात.

रातकिडा

मागे ते टुंईटुंई रिव्हर्सचं जे वाजतं, त्याचा आवाज कमी करता येतो का ते पण विचारा कुणीतरी.

चौथा गिअर

टुंईटुंई राहणार. खसखस-खसखस असा आवाज करणारे वेगळे हॉर्न मिळतात, ते मागे उभ्या माणसाला नीट कळतात आणि लांबच्या खिडकीत कमी ऐकू येतात. तेवढं जमू शकतं.